मेरिंगचा रोल: आंबा, करवंद आणि चक्का-क्रीम भरून, कोल्हापूरच्या हवेत जमणारा

ओव्हनवाली:
मेरिंग म्हणजे अंड्याचं पांढरं आणि साखर फेटून भाजलेला फेस, आणि ते म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यापुढं ते पांढरे कुरकुरीत गोळे येतात, तोंडात टाकले की विरघळणारे. ते आपल्याकडं टिकवणं जिकिरीचं, कारण साखर हवेतलं पाणी ओढते, आणि वळीव सुरू झाला की थेट सप्टेंबरपर्यंत कोल्हापुरात डबा उघडा राहिला की गोळे चिकट झालेच म्हणून समजा. त्यामुळं लोक मेरिंगच्या वाटेलाच जात नाहीत. पण त्याच मेरिंगचा रोल, ज्याला रुलाड म्हणतात, तो मुळातच मऊ असतो, वर पातळ पापुद्रा आणि आत मार्शमेलोसारखा मऊ, आणि क्रीम भरून गुंडाळायचा असल्यामुळं तो मऊच राहायला पाहिजे. आपल्या हवेला चालणारं मेरिंग हेच आहे असं माझं ठाम मत आहे. सध्या घरात आंबा आहे, पन्हाळ्याकडून करवंदं येतायत, डेअरीत चक्का सुटा मिळतो, म्हणून आत्ताच लिहिते.

प्रमाण वजनावर सांगते कारण अंडी कधी मोठी कधी बारकी येतात. एका अंड्याचं पांढरं साधारण ३० ग्रॅम धरा, म्हणजे ५ अंड्यांचं १५० ग्रॅम. त्याला २२५ ग्रॅम साखर, १ चमचा कॉर्नफ्लोअर, १ चमचा पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, थोडा व्हॅनिला. चमचा ५ मिलीचा. किराण्यात साखर एस-३० मागा, तिचा दाणा बारीक असतो, एम-३० चा मोठा येतो. तरी मिक्सरला दोन-तीन झटके द्याच, फक्त पार पीठ करू नका, गुठळ्या होतात.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. प्लॅस्टिक कितीही घासलं तरी तेलाचा अंश धरून ठेवतं. लिंबाची फोड आतून फिरवा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. अंडी फ्रीजमधून काढल्या काढल्या फोडायची, थंड असताना बलक सहसा फुटत नाही, मग पांढरं अर्धा तास बाहेर ठेवायचं म्हणजे जास्त फुलतं. प्रत्येक अंडं आधी वाटीत आणि मगच मोठ्या भांड्यात, कारण शेवटच्या अंड्याचा बलक फुटून त्यात पडला तर आधीची सगळी वाया. बलकातलं फॅट फेस धरूच देत नाही.

आधी नुसतं पांढरं मध्यम स्पीडवर मऊ शेंडे येईपर्यंत फेटा, मग साखर एकेक चमचा. इथं घाई अजिबात नको, ८-१० मिनिटं तरी जातातच. दोन बोटांत चोळून बघायचं, कणी लागली तर अजून फेटायचं, कारण न विरघळलेली साखर भाजताना पाकाचे थेंब होऊन खाली उतरते आणि सगळं कागदाला धरून बसतं. बीटर उचलला की पक्ष्याच्या चोचीसारखं टोक उभं राहून जरासं वळलं पाहिजे आणि वर चकाकी पाहिजे. मग व्हिनेगर, व्हॅनिला, चाळलेलं कॉर्नफ्लोअर हलक्या हातानं मिसळा. आत मऊ राहतं ते व्हिनेगर आणि कॉर्नफ्लोअरमुळं आणि मुख्य म्हणजे भाजायला वेळ कमी लागतो त्यामुळं.

ट्रे ३३ बाय २३ सेंटीमीटरचा किंवा त्याच्या आसपासचा. कागद कडेच्या वर येईल एवढा घ्या. मिश्रण दोन-अडीच सेंटीमीटर जाड, वरनं सारखं करून घ्यायचं, पण दाबायचं नाही. ओटीजी, म्हणजे रॉडवर चालणारा छोटा ओव्हन, १७० अंश सेल्सिअसला आधी तापवा, दोन्ही रॉड चालू, पंखा बंद, ट्रे मधल्या खाचेत. २० ते २५ मिनिटं. वरनं फिकट बदामी आणि बोट लावलं तर कोरडं लागलं पाहिजे. बाहेर काढल्यावर खाली बसणार आणि वर भेगा पडणार, ते तसंच व्हायला पाहिजे.

तिकटीवरचा:
ताई लय भारी धागा. माझा प्रश्न आधी विचारतो, गुंडाळायचं कसं ते सविस्तर सांगा की, कारण तिथंच सगळ्यांची फाटते असं ऐकलंय. आणि भेगा पडल्या तर क्रीम बाहेर येत नाही काय?

ओव्हनवाली:
@तिकटीवरचा, तेच लिहायला घेतलं होतं. ओट्यावर दुसरा कागद पसरा, त्यावर पिठीसाखर भुरभुरा. पावसाळी हवा असेल तर पिठीसाखरेपेक्षा भाजलेल्या बदामाचे काप किंवा सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस चांगला, पिठीसाखर ओलावा धरून चिखल करते. ट्रे बाहेर काढून ५ मिनिटं थांबा आणि एका झटक्यात त्या कागदावर पालथा घाला. आता खालचा कागद वर आला. तो सोलताना वर उचलायचा नाही, एक कोपरा धरून मेरिंगला अगदी लागून, सपाट, मागं मागं ओढत न्यायचा, दुसऱ्या हाताचं बोट सोलत असलेल्या रेघेवर ठेवून. उभा ओढला की तुकडे निघतात.

पूर्ण गार होऊ दे, अर्धा तास तरी. मग भरण लावा, पण पलीकडच्या कडेला दोन सेंटीमीटर रिकामी जागा ठेवा, गुंडाळताना भरण पुढं सरकतंच. तुमच्याकडच्या कडेपासून दोन सेंटीमीटरवर सुरीनं आरपार न जाणारी एक चीर द्या, तिथून पहिली घडी नीट बसते. कागद उचलत उचलत गुंडाळायचं, हातानं मेरिंग ढकलायचं नाही. जोड खाली येऊ दे. कागदातच घट्ट लपेटून फ्रीजमध्ये दीड-दोन तास. भेगा फक्त वरच्या पापुद्र्याला असतात, आतला मऊ थर सलग असतो, क्रीम बाहेर येत नाही.

दुधाळी:
क्रीमबद्दल मी लिहितो, घरचा दुधाचा धंदा आहे. फ्रेश क्रीम म्हणून जी छोट्या पाकिटात मिळते तिच्यात २५ टक्के फॅट असतं, ती ग्रेव्हीला ठीक, फेटून उभी राहणार नाही. किमान ३० टक्के पाहिजे, ३५ असेल तर उत्तम. व्हिपिंग क्रीम मागताना डेअरीची आहे का वनस्पती फॅटची ते पाकिटावर वाचा, केकवाले वापरतात ती बरीचशी वनस्पती फॅटची आणि आधीच गोड असते. उभी छान राहते पण टाळूला लागून राहते.

आणि कृपा करून दुधावरची साय फेटायला जाऊ नका. ती तापवलेल्या दुधाची, फेटली की सरळ लोणी. सेपरेटरची, म्हणजे कच्च्या दुधातनं यंत्रावर काढलेली क्रीम सांगून ठेवली तर डेअरीत मिळते, पाश्चराइज केलेली आहे ना तेवढं विचारा. आपली क्रीम म्हशीची, तिच्यातले फॅटचे कण गायीच्या दुधापेक्षा मोठे, त्यामुळं लोणी पटकन धरते. म्हणून घट्ट असेल तर थोडं गार दूध घालून सैल करा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, भांडं आणि बीटर फ्रीजरमध्ये घाला आणि हळू स्पीडला फेटा. सध्याच्या उकाड्यात भांड्याखाली बर्फाचं पाणी पाहिजेच पाहिजे. रेघा उमटायला लागल्या की थांबायचं, अजून जरा म्हणलं की गेलं.

ओव्हनवाली:
दादा, धन्यवाद, हे पाहिजेच होतं. आता भरणाचं. मेरिंगमध्ये आधीच एवढी साखर आहे म्हणून भरणात साखर अजिबात नको, चिमूटभरसुद्धा. हा पदार्थ नुसता गोडमिट्ट लागतो अशी तक्रार करणारे भेटतात, त्यांनी गोड क्रीमचा रोल खाल्लेला असतो. बाहेरच्या देशात रास्पबेरी किंवा पॅशनफ्रूट भरतात ते उगाच नाही, आंबट पाहिजे म्हणून. आपल्याकडं आंबट आणि घट्ट म्हणजे चक्का. २०० ग्रॅम चक्का पुरणाच्या चाळणीतून काढा, श्रीखंडाला काढतो तसाच, आणि २०० मिली फेटलेल्या क्रीममध्ये दोन-तीन वेळा करून मिसळा. चक्क्यामुळं क्रीम उन्हाळ्यातही बसत नाही हा वरचा फायदा.

आंब्याचा रस घालू नका, पाणी सुटतं. पिकलेला पण हाताला कडक लागणारा हापूस घ्या, बारीक फोडी करा, चाळणीत १० मिनिटं निथळू द्या. कोयीलगतचा गर त्यात नको, तंतू येतात, तो नुसता खाऊन टाका.

गोडघाशी:
चक्क्याची भानगड कशाला ताई, सरळ वारणाचं आम्रखंड लावलं तर? आंबा आला, चक्का आला, वेलची आली, एका डब्यात काम. घरात पाहुणे येणारेत परवा म्हणून विचारायलोय.

ओव्हनवाली:
@गोडघाशी, आम्रखंड मला पुरीबरोबर जीव की प्राण आहे, पण इथं नको. त्यात साखर पुरेपूर असते, वर मेरिंगची साखर, दुसऱ्या घासाला हात थांबतो. शिवाय ती साखर चक्क्यातलं पाणी सोडवते आणि रोल खालनं ओला होतो. परवा पाहुणे आहेत तर उद्या संध्याकाळी चक्का आणा किंवा म्हशीचं घट्ट दही आज रात्री मलमलच्या कापडात टांगा, सकाळी तयार.

पन्हाळा_पायथा:
करवंदाचं नुसतं नाव घेऊन पुढं गेलात, ते सांगा की. आमच्याकडं बायका आता द्रोणात घालून विकाय बसल्यात, काळीभोर, वर एखादं तांबडं राहिलेलं. आंब्यापेक्षा मला करवंदच या पदार्थाला जास्त योग्य वाटतं.

ओव्हनवाली:
मलापण, खरं सांगायचं तर. आंबा सगळ्यांना आवडतो म्हणून वर घेतला.

करवंदं पूर्ण पिकलेली पाहिजेत, कच्च्याला चीक असतो. अर्धा किलो धुऊन, देठाकडचा भाग चिमटून काढून, पाव वाटी पाणी घालून झाकण ठेवून शिजवा. १० मिनिटांत फुटतात. गार झाली की चाळणीतून डावानं दाबून गर काढायचा, बिया आणि साली वर राहतात. इथं मात्र ४-५ चमचे साखर घाला आणि डाव ओढला की तळ दिसेपर्यंत आटवा. रंग गडद किरमिजी येतो, आणि चव अशी की तोंडाला पाणी सुटून जबडा आवळतो, मेरिंगच्या गोडाला तेच उत्तर आहे. हा गर आधी मेरिंगवर पातळ पसरा, वर चक्का-क्रीम, मग आंब्याच्या फोडी विरळ. कापला की पांढऱ्यात काळसर लाल रेघ गोल फिरलेली दिसते. पाहुण्यांना फळ कोणतं विचारलं तर भले भले ओळखत नाहीत.

साखरपट्टा:
वडिलांना शुगर आहे, साखर १०० ग्रॅमवर आणली तर चालेल का? की स्टीव्हिया, ती बिनसाखरेची गोडी देणारी पावडर? आणि आपला गूळ चालतो का, कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, घरात चांगला पिवळाधमक पडलाय.

ओव्हनवाली:
@साखरपट्टा, इथं साखर गोडीपुरती नाही हो, फेसाच्या भिंती तीच धरते. पांढऱ्याच्या वजनापेक्षा साखर कमी झाली की भाजताना फुगतो आणि काढल्यावर बसून पाणी सोडतो. १५० ग्रॅमला दीडपट म्हणून २२५ धरली आहे, पुष्कळ ठिकाणी यापेक्षा जास्त सांगतात. स्टीव्हिया इवलीशी लागते, तिनं गोडी येईल पण भिंत कुठून येणार. गुळात ओलावा असतो आणि त्यातली साखर हवेतलं पाणी जास्तच ओढते, आपल्या हवेत रोल हाताला चिकटत राहील. चवीसाठीच पाहिजे असेल तर पाव हिस्सा साखर काढून तेवढी कोरडी गूळ पावडर घाला, तीपण थंडीत. वडिलांसाठी मात्र नुसता चक्का, करवंदाचा गर बिनसाखरेचा आणि थोड्या फोडी वेगळ्या वाटीत द्या, आणि ते पण त्यांच्या डॉक्टरांना विचारून. रोलमधून अर्धवट साखर काढून कुणालाच समाधान नाही.

शाहूपुरी_गल्ली:
हे पावलोव्हाच आहे ना? तेच साहित्य, कॉर्नफ्लोअर, व्हिनेगर.

ओव्हनवाली:
जवळचं नातं आहे. पावलोव्हा उंच गोल थापून मंद आचेवर तासभर किंवा जास्त भाजतात, बाहेर कडक कवच आणि आत मऊ. रोल पातळ आणि थोडक्या वेळात. नाव अ‍ॅना पावलोव्हा या रशियन नर्तकीवरनं, १९२६ मध्ये तिनं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा दौरा केला आणि पदार्थ पहिल्यांदा कुणी केला यावर ते दोन देश अजून भांडतात. आपले उदय शंकर १९२३ मध्ये तिच्याबरोबर राधा-कृष्ण नाचले होते, हे मला फार आवडतं.

तिकटीवरचा:
आजीचं तांब्याचं मोठं पातेलं आहे, कलई उडालेलं. कुठंतरी वाचलं की फ्रान्समध्ये पांढरं तांब्यातच फेटतात. वापरू?

दुधाळी:
@तिकटीवरचा भावा, वाचलंस ते खरं आहे. तांब्याचे सूक्ष्म कण पांढऱ्यातल्या एका प्रोटीनला घट्ट धरतात आणि फेस लवकर फाटत नाही, जास्त फेटलं गेलं तरी सावरून घेतं. पण मग त्यात व्हिनेगर किंवा लिंबू घालायचं नाही, तांब्याला आंबट लागू नये हे आपल्या आज्यांना माहीतच होतं. आधी मीठ-लिंबानं घासून, भरपूर पाण्यानं धुऊन, कोरडं करून मगच वापर. फेस झाला की लगेच दुसऱ्या भांड्यात काढ आणि कॉर्नफ्लोअर, व्हिनेगर तिथं घाल.

पंचगंगाकाठ:
एकदा पूर्ण रोल बटर पेपरला चिकटला होता तो सोलायला दिवस गेला, तेव्हापासून हात लावलेला नाही. कागदाचं काय चुकतं?

ओव्हनवाली:
काकू, बाजारात बटर पेपर म्हणून दोन प्रकार मिळतात. एक साधा पातळ, मिठाईखाली घालतात तो, त्यावर मेरिंग धरणारच. दुसरा बेकिंगचा, सिलिकॉनचा हात दिलेला, जरा जाड आणि हाताला गुळगुळीत. लक्ष्मीपुरीत किंवा केकचं साहित्य मिळतं त्या दुकानात बेकिंग पेपर म्हणूनच मागा. साधाच असेल तर त्याला तेलाचा अगदी पातळ हात लावून कॉर्नफ्लोअर भुरभुरवा आणि जास्तीचं झटकून टाका. आणि काढल्यावर गरम असतानाच पालथं घाला, गार झालं की चिकटपणा वाढतो. तुमचा कागद चुकला असणार, हात नाही, परत कराच.

गोडघाशी:
आमच्याकडं संध्याकाळी वळीव आला की लाईट जाते. मधेच गेली तर?

ओव्हनवाली:
म्हणून मी सकाळी करते, मेच्या उत्तरार्धात दुपारनंतर आभाळाचा भरवसा नाही. १५ मिनिटं झाल्यावर गेली तर दार उघडायचं नाही, आतल्या उष्णतेवर बऱ्यापैकी सेट होतं, वर रंग कमी येईल एवढंच. आधीच गेली आणि अर्ध्या तासात आली नाही तर मात्र फेस बसतो. फेटलेलं पांढरं थांबत नाही. ओव्हन तापल्याचं बघूनच साखर घालायला सुरुवात करा.

शाहूपुरी_गल्ली:
अंडं न खाणाऱ्यांसाठी छोल्याच्या पाण्याचं होईल का? सासूबाई अंडं खात नाहीत आणि सगळं तयार झाल्यावर त्यांना नुसतं बघत बसवणं बरं वाटत नाही.

ओव्हनवाली:
वहिनी, छोल्याच्या पाण्याचा फेस मस्त होतो, पण अंड्यातलं प्रोटीन उष्णतेनं घट्ट होऊन बसतं तसं ते बसत नाही. त्याचे गोळे मंद आचेवर वाळवून कुरकुरीत करता येतात, मऊ रोल मात्र गुंडाळताना तुटतो. सासूबाईंसाठी काचेच्या पेल्यात करवंदाचा गर, चक्का-क्रीम, आंबा, वर भाजलेले बदाम असे थर लावा. त्यांचा पेला तुमच्या रोलपेक्षा आधी संपेल.

पंचगंगाकाठ:
आणि ५ बलकांचं काय करायचं, टाकवत नाही.

ओव्हनवाली:
लिंबाचं कर्ड करा. ५ बलक, १०० ग्रॅम साखर, ४ लिंबांचा रस आणि थोडी किसलेली साल, पातेल्यातल्या उकळत्या पाण्यावर भांडं धरून सतत ढवळत राहायचं, चमच्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली की ती मिटली नाही पाहिजे. गॅस बंद करून ६० ग्रॅम लोणी. भांडं पाण्याला टेकू देऊ नका नाहीतर बुर्जी होते. करवंदाचा हंगाम संपला की गराच्या जागी हेच लावा. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली की तिच्याबरोबरही हे जमतं.

इचलकरंजीची_सून:
ताई काल केला. कागद सपाट ओढायची युक्ती एकदम बरोबर, एक कणही राहिला नाही. करवंदाचा गर मी जरा जास्तच आटवला तरी पसरला गेला, सासऱ्यांनी दोनदा मागून घेतला आणि ते गोडाला सहसा हात लावत नाहीत. आता माहेरी कोल्हापुरात न्यायचाय, तासभर तरी लागतो आणि गाडीत उकडतं. भरून नेऊ का तिथं भरू?

ओव्हनवाली:
किती बरं वाटलं वाचून. तिथं भरा. मेरिंग गार झालं की नव्या कागदावर पिठीसाखर घालून नुसतंच सैल गुंडाळा, टोकं चॉकलेटच्या कागदासारखी पिळा आणि हवाबंद डब्यात ठेवा. क्रीम फेटून चक्का मिसळून डब्यात, खाली बर्फ. गर वेगळा. फोडी तिथं जाऊन करा. उलगडताना दोन-तीन भेगा जास्त पडतील, भरून परत गुंडाळल्यावर दिसत नाहीत. दीड तास फ्रीजमध्ये ठेवा आणि कापताना दातेरी सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक कापाला परत. दाबायची नाही, करवतीसारखी चालवायची.

पन्हाळा_पायथा:
मृग लागला की करवंदं संपली म्हणून समजा, पाऊस लागला की फुटतात आणि चव उतरते. ज्यांना पुढं करायचाय त्यांनी या आठवड्यातच गर काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. एका रोलला ६-७ वड्या पुरतात.